पाटी उतरली दहाने, गाडी उतरली चारने



अकरावीच्या वर्गात गतीची समीकरणे शिकवताना मी दरवर्षी एक उदाहरण घालतो. एक मोटार ताशी ४८ किलोमीटर चालीने जात आहे, दुसरी ताशी ३२ किलोमीटर चालीने. दोघींच्या पुढे अचानक एक मूल रस्त्यात आले. कोणती मोटार किती अंतरात थांबेल? उदाहरण अवघड नाही, फळ्यावर चार ओळींत उत्तर येते. पण एका वर्षी उत्तराखाली रेघ ओढताच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, गणित बरोबर आहे. पण पाटीवरचा आकडा बदलला म्हणून गाड्या थोड्याच हळू जातात? पाटीकडे बघतो कोण? मग या गणिताचा उपयोग काय?"

वर्ग हसला, मीही हसलो. पण तास संपल्यावर तो प्रश्न माझ्याबरोबर घरापर्यंत आला. मोटार भौतिकशास्त्राचे नियम बिनतक्रार पाळते. मात्र पाटी वाचतो तो माणूस. तो आकडा अर्धाच पाळत असेल, तर वेगमर्यादा कमी करून काही साधते का? या लेखात आपण या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत.

प्रारंभीच शब्दांविषयी एक खुलासा करतो. एकक काळात कापलेल्या अंतराला पाठ्यपुस्तकात 'चाल' म्हणतात आणि दिशेसह चाल म्हणजे 'वेग'. 'वेगमर्यादा' हा शब्द रूढ झाला असला तरी ती मर्यादा चालीचीच असते. म्हणून मोजमापाच्या ठिकाणी मी 'चाल' हाच शब्द वापरीन.

एका दिवसात बदललेल्या पाट्या

आपल्या प्रश्नाचे उत्तर द्यायला असा प्रदेश हवा, की जिथे वस्तीतली वेगमर्यादा एकाच दिवशी सर्वत्र उतरली आणि आधीची व नंतरची चाल कोणीतरी मोजून ठेवली. असा एक प्रदेश आहे. तो म्हणजे ग्रेट ब्रिटनच्या पश्चिमेचा वेल्स. त्याची लोकसंख्या सुमारे ३१ लाख आहे. तेथील पाट्यांवर आजही ताशी मैल लिहितात. एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर, हे ध्यानात ठेवा.

ब्रिटनमधील वेगमर्यादेचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८६५ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ताशी ४ मैल एवढीच मुभा होती. शिवाय वाहनापुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालायचे! १८९६ मध्ये ही मर्यादा ताशी १४ मैलांवर आणि १९०३ च्या कायद्याने २० मैलांवर गेली. १९३० मध्ये मोटारींवरची मर्यादा काढूनच टाकण्यात आली. रस्त्यांवरील मृत्यूंची संख्या पाहून सरकारला विचार बदलावा लागला आणि १८ मार्च १९३५ पासून वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा लागू झाली. पुढे जवळजवळ नव्वद वर्षे वस्ती म्हटली की ३० हेच समीकरण तेथील चालकांच्या अंगवळणी पडले होते.

हे समीकरण वेल्सने मोडले. तेथील विधिमंडळाने २०२२ मध्ये ठराव मंजूर केला आणि १७ सप्टेंबर २०२३ पासून दिवाबत्ती असलेल्या वस्तीतील रस्त्यांवर सर्वसाधारण मर्यादा ताशी ३० मैलांवरून २० मैलांवर, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरवरून ३२ किलोमीटरवर आणली. काही रस्ते स्थानिक संस्थांनी यातून वगळले होते. या बदलाला विरोधही कडाडून झाला. विधिमंडळाकडे आलेल्या निषेधाच्या अर्जावर साडेचार लाखांहून अधिक सह्या पडल्या. पुढे २०२४ मध्ये सरकारने नियमावली अधिक सैल केली आणि काही रस्ते पुन्हा ३० वर न्यायची वाट मोकळी झाली.

आता चालकांनी काय केले ते पाहू. वेल्समधील मुख्य रस्त्यांवरील निवडक ठिकाणी केलेल्या मोजणीत सरासरी चाल आधी ताशी सुमारे २९ मैल होती, ती नंतर सुमारे २५ मैलांवर आली. अन्य काही मोजण्यांत घट याहूनही कमी, दोन-तीन मैलांची भरली. पाटी उतरली दहाने, गाडी उतरली फार तर चारने! मागच्या बाकावरचा विद्यार्थी म्हणेल, "बघा सर, मी सांगितलेच होते." पण जरा थांबा. या चार मैलांची किंमत अजून आपण काढलेली नाही.

थांबण्याचे गणित

मोटार थांबण्याचे अंतर दोन भागांचे असते. मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत थोडा काळ जातो. हा प्रतिक्रिया काल होय. या काळात मोटार मूळच्याच चालीने पुढे जात राहते. ब्रेक लागल्यावर मंदन (ऋण त्वरण) सुरू होते आणि मोटार आणखी काही अंतर जाऊन थांबते. म्हणून,

थांबण्याचे अंतर = (चाल × प्रतिक्रिया काल) + (चाल)² ÷ (२ × मंदन)

प्रतिक्रिया काल १ सेकंद आणि कोरड्या डांबरी रस्त्यावरचे मंदन ७ मीटर प्रति सेकंद² धरू. चाल अर्थातच मीटर प्रति सेकंदात घ्यायची, म्हणजे ताशी किलोमीटरच्या आकड्याला ३.६ ने भागायचे.

ताशी ३२ किलोमीटर : ८.९ + ५.६ = १४.५ मीटर
ताशी ४० किलोमीटर : ११.१ + ८.८ = १९.९ मीटर
ताशी ४८ किलोमीटर : १३.३ + १२.७ = २६.० मीटर

ताशी ३२ किलोमीटरने जाणाऱ्या मोटारीपुढे १४.५ मीटरवर मूल आले, तर मोटार त्याच्या अगदी जवळ येऊन थांबेल. मूल घाबरेल, चालकाला घाम फुटेल, पण दोघेही घरी जातील. आता तेवढ्याच अंतरावर ४८ ची मोटार असती तर? तिचे १३.३ मीटर निव्वळ प्रतिक्रियेतच गेले. ब्रेक लागायला उरले अवघे १.२ मीटर. अंतिम चालीचा वर्ग = आरंभीच्या चालीचा वर्ग वजा (२ × मंदन × अंतर), हे समीकरण वापरा. उत्तर येईल ताशी जवळजवळ ४६ किलोमीटर! जिथे पहिली मोटार पूर्ण थांबली, तिथे दुसरीची चाल कशीबशी दोन किलोमीटरने कमी झाली आहे.

चार मैलांची किंमत

पण हे आदर्श चालकाचे गणित झाले. ते पाटी तंतोतंत पाळणाऱ्याला लागू पडते. आपला प्रश्न अर्धवट पाळणाऱ्याचा आहे. तेव्हा वेल्समध्ये प्रत्यक्ष मोजलेली सरासरीच घेऊ. ताशी २९ मैल म्हणजे ४६.५ किलोमीटर आणि २५ मैल म्हणजे ४० किलोमीटर. फरक फक्त साडेसहा किलोमीटरचा. मूल पुन्हा १४.५ मीटरवर.

४६.५ च्या मोटारीचे १२.९ मीटर प्रतिक्रियेत गेले आणि ब्रेकसाठी १.६ मीटर उरले. धडकेच्या क्षणी तिची चाल ताशी सुमारे ४३ किलोमीटर असेल. ४० च्या मोटारीचे ११.१ मीटर प्रतिक्रियेत गेले आणि ब्रेकसाठी ३.४ मीटर उरले. तिची धडकेच्या क्षणीची चाल ताशी सुमारे ३१ किलोमीटर असेल. म्हणजे आरंभीचा साडेसहा किलोमीटरचा फरक धडकेपर्यंत बारा किलोमीटरचा झाला. याचे कारण असे, की हळू मोटारीला ब्रेक लावायला अंतर जास्त मिळाले आणि मुळात घालवायची ऊर्जाही कमी होती.

गतिज ऊर्जा चालीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ३१ चा वर्ग ९६१ आणि ४३ चा वर्ग १८४९. म्हणजे धडकेची ऊर्जा जवळजवळ निम्मी झाली! तीही पाटीचा अवमान करून ३२ ऐवजी ४० ने जाणाऱ्या चालकाकडून. उंचीच्या भाषेत सांगायचे तर ताशी ४३ किलोमीटरचा आघात म्हणजे सुमारे ७.३ मीटरवरून, म्हणजे दोन मजल्यांहूनही उंचावरून पडल्यासारखा. ताशी ३१ किलोमीटरचा आघात म्हणजे सुमारे ३.८ मीटरवरून पडल्यासारखा. दुसऱ्यात हाड मोडेल, पण जीव वाचण्याची आशा पुष्कळच जास्त. पादचाऱ्याला धडक बसल्यास ताशी ३० किलोमीटरच्या आसपास बहुतेक जण वाचतात आणि त्यापुढे धोका झपाट्याने वाढतो, हे जगभरच्या अपघातांच्या अभ्यासातून दिसले आहे.

स्वीडनचा नियम

हाच विचार स्वीडनमधील संशोधक योरान निल्सन यांनी आकड्यांत बसवला. १९६७ ते १९७२ या काळात स्वीडनमध्ये गावाबाहेरील अनेक रस्त्यांच्या वेगमर्यादा बदलल्या गेल्या होत्या. त्या वेळची सरासरी चाल आणि अपघात यांची सांगड घालून त्यांनी एक साधा नियम दिला. सरासरी चाल ज्या प्रमाणात बदलते त्याच्या वर्गाच्या प्रमाणात जखमी करणारे अपघात बदलतात, घनाच्या प्रमाणात गंभीर व प्राणघातक मिळून होणारे अपघात आणि चौथ्या घाताच्या प्रमाणात प्राणघातक अपघात.

हा नियम वेल्सला लावून पाहा. २५ भागिले २९ म्हणजे ०.८६. त्याचा वर्ग ०.७४. म्हणजे जखमी करणारे अपघात सुमारे चतुर्थांशाने कमी व्हायला हवेत. प्रत्यक्षात, बदलानंतरच्या पहिल्या वर्षात २० आणि ३० मैल मर्यादेच्या रस्त्यांवरील जखमी व मृतांची एकूण संख्या आधीच्या वर्षाच्या तुलनेत सुमारे चतुर्थांशानेच घटलेली दिसली.

हा मेळ पाहून टाळी वाजवावीशी वाटते, पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे सावध राहायला हवे. सरासरी चाल काही निवडक ठिकाणची आहे, अपघात मात्र सगळ्या वेल्समधले. अपघातांची संख्या दरवर्षी थोडी खालीवर होतच असते आणि एकाच वर्षाच्या आकड्यावर इमारत उभारू नये. नॉर्वेचे रूने एल्विक यांनी निल्सन यांचा नियम पुढे तपासला, तेव्हा शहरी रस्त्यांवर घातांक काहीसे लहान येतात असे आढळले. तेव्हा दोन आकडे तंतोतंत जुळले याला फारसे महत्त्व देऊ नका. चालीतल्या लहान घटीचा अपघातांवर मोठा परिणाम होतो, ही दिशा मात्र भक्कम आहे.

चालक का पाळतो आणि का पाळत नाही?

आता माणसाकडे वळू. चालक पाटी पाहूनही आकडा पूर्ण का पाळत नाही? प्रत्येक वेळी तो मुद्दाम नियम मोडतो असे नाही. आपली चाल त्याला जाणवते ती बहुतांशी डोळ्यांनी. कडेची झाडे, घरे, खांब किती झपाट्याने मागे सरतात यावरून मेंदू अंदाज बांधतो. हा अंदाज सवयीने बिघडतो. तीन भांड्यांचा प्रयोग तुम्ही केला असेल. एक हात गरम पाण्यात आणि दुसरा गार पाण्यात ठेवून मग दोन्ही हात कोमट पाण्यात घातले, की तेच पाणी एका हाताला गार लागते आणि दुसऱ्याला गरम. चालीचेही असेच आहे. महामार्गावर तासभर ताशी शंभरने गाडी हाकून गावात शिरलेल्या माणसाला पन्नास म्हणजे रांगणे वाटते. चाल निम्मी कर असे सांगितले, तर तो निम्म्याहून अधिकच ठेवतो आणि आपण पुरेसे हळू झालो आहोत असे त्याला मनापासून वाटते. म्हणून गावात शिरताना मनावर विसंबू नये, गतिमापकाच्या काट्याकडे पाहावे.

दुसरे कारण रस्ता. रुंद, सरळ आणि मोकळा रस्ता चालकाला 'पळ' म्हणतो, मग कडेच्या पाटीवर काही का लिहिलेले असेना. अरुंद केलेला रस्ता, कडेची झाडे, उंचावलेला पादचारी मार्ग आणि गतिरोधक हे चालकाला न बोलता 'हळू' म्हणतात. ऑस्ट्रियातील ग्राट्स शहराने १९९२ मध्ये मुख्य रस्ते सोडून सगळ्या शहरात ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आणली. तिथेही आरंभी बहुसंख्य लोक नाखूष होते आणि अनुभवानंतर बहुसंख्य अनुकूल झाले. सवय लागायला काळ जातो, पण ती लागते.

तिसरी गोष्ट कॅमेऱ्याची. एका जागी कॅमेरा आहे हे कळले, की चालक त्याच्यापाशी ब्रेक लावतो आणि पुढे जाताच पुन्हा वेग घेतो. यावर उपाय म्हणून काही ठिकाणी दोन कॅमेऱ्यांमधले अंतर आणि लागलेला वेळ यांवरून सरासरी चाल काढतात. तुम्ही पहिल्या धड्यात शिकलेले सूत्रच तिथे दंडाची पावती फाडते!

एक चालक पाळतो तेव्हा

मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे एक उत्तर शक्यतेच्या गणितातही आहे. समजा, चारांपैकी फक्त एक चालक मर्यादा पाळतो. उरलेले तीन नाहीत. रस्ता एकपदरी आहे आणि पुढच्याला ओलांडता येत नाही. गाड्या एकामागून एक चालल्या आहेत. पाचव्या क्रमांकाची गाडी मर्यादेबाहेर जायची असेल, तर ती स्वतः आणि तिच्या पुढच्या चारही गाड्या न पाळणाऱ्या असायला हव्यात. ही शक्यता ३/४ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.२४. म्हणजे पाळणारे फक्त २५ टक्के असूनही पाचवी गाडी मर्यादेत राहण्याची शक्यता ७६ टक्के आहे! "मी एकट्याने पाळून काय होणार?" असे म्हणणाऱ्याला हे गणित दाखवा. एकटा चालक मागच्या रांगेचा वेग ठरवत असतो.

वेळ किती जातो?

विरोधकांचे मुख्य म्हणणे वेळेविषयी असते आणि तेही मोजूनच पाहिले पाहिजे. ताशी ४६.५ किलोमीटरने एक किलोमीटर जायला ७७ सेकंद लागतात, ताशी ४० ने ९०. म्हणजे दर किलोमीटरला १३ सेकंद. वस्तीतून पाच किलोमीटर जायचे तर एक मिनिट पाच सेकंद. सिग्नलपाशी आणि गर्दीत जाणारा वेळ दोघांनाही सारखाच असल्याने सबंध प्रवासाच्या मानाने हा फरक आणखी छोटा दिसतो. मात्र दिवसभर फेऱ्या मारणाऱ्या बसचालकाला किंवा रिक्षावाल्याला हेच सेकंद साठून मिनिटे होतात, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. वेल्समध्ये काही बसमार्गांची वेळापत्रके याच कारणाने अडचणीत आली. तेव्हा तराजूच्या एका पारड्यात ही मिनिटे आहेत आणि दुसऱ्यात धडकेची निम्मी झालेली ऊर्जा. निवड समाजाने करायची आहे. विज्ञानाचे काम दोन्ही पारड्यांतली वजने नीट मोजून देण्याचे.

करून पाहा

१. पट्टीचा प्रयोग : मित्राने ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबती ठेवावी. तुमची बोटे शून्याच्या खुणेशी उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडताच ती पकडा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली असेल, तर अंतर = ½ × ग × काल² या सूत्रावरून प्रतिक्रिया काल सुमारे ०.२ सेकंद येतो. चालकाला मात्र धोका ओळखून, निर्णय घेऊन पाय उचलावा लागतो. म्हणून त्याच्यासाठी आपण १ सेकंद धरला.

२. रस्त्याची मोजणी : शिक्षकांना बरोबर घेऊन शाळेच्या आवारातून किंवा पदपथावरून हा प्रयोग करावा, रस्त्यात कोणीही उतरू नये. रस्त्याकडेच्या दोन खांबांमधले अंतर पदपथावरूनच टेपने मोजा. ते ५० मीटर असेल तर उत्तम. एकेका खांबापाशी एकेक विद्यार्थी उभा करा. वाहन पहिल्या खांबासमोर येताच पहिल्याने हात खाली करावा आणि दुसऱ्याने विरामघड्याळ सुरू करावे. वाहन दुसऱ्या खांबासमोर येताच घड्याळ बंद करावे. ५० मीटरला ५.६ सेकंद लागले तर चाल ताशी ३२ किलोमीटर, ३.७५ सेकंद लागले तर ४८. अशा पन्नास वाहनांची नोंद करून स्तंभालेख काढा. शाळा सुटण्याच्या वेळी आणि भर दुपारी चाल किती बदलते ते पाहा. घड्याळ दाबण्यात ०.२ सेकंदाची चूक झाली तर चालीत किती फरक पडेल, हेही काढा.

३. तुमच्या मोजणीतली सरासरी चाल घ्या आणि ती फक्त पाच किलोमीटरने कमी झाली असे समजा. १५ मीटरवर मूल आले, तर धडकेच्या वेळची चाल दोन्ही वेळी किती असेल?

तिसऱ्या उदाहरणाचे उत्तर मी मुद्दाम देत नाही. मागच्या बाकावरच्या त्या विद्यार्थ्याला मी आठवड्याने उत्तर दिले होते, "पाटीकडे सगळे बघत नाहीत, हे तुझे म्हणणे खरे. पण सगळ्यांनी बघावे लागतच नाही. काही जणांनी बघितले आणि बाकीचे त्यांच्यामागे थोडे हळू झाले, तरी चालीचा वर्ग आपले काम करतो." त्याने वहीत काहीतरी लिहिले आणि विचारले, "सर, मग उद्या आपल्या कॉलेजसमोर मोजायचे का?"

आम्ही मोजले. तुम्हीही तुमच्या शाळेसमोर मोजा.